गेममधलं चिलखत नेमकं कसं काम करतं?

रोल-प्लेइंग गेममध्ये (आरपीजी) नवं चिलखत सापडलं की बहुतेक खेळाडू एकच गोष्ट पाहतात: आकडा जुन्यापेक्षा मोठा आहे का? पण मोठा आकडाच नेहमी चांगला ठरला, तर निवडायला काही उरतच नाही. म्हणून चांगले गेम डिझायनर प्रत्येक चिलखताला काहीतरी किंमत जोडतात.

वार चुकवणारं चिलखत

१९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलवर खेळायच्या गेममध्ये चिलखतामुळे वार लागण्याची शक्यताच कमी होते. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' याच गेमच्या नव्या नियमांवर चालतो. शत्रू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात त्याचं कौशल्य मिळवलं जातं. बेरीज चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर वार लागतो. शत्रूचं कौशल्य ५ असेल, तर ११ च्या चिलखतावर ७५ टक्के वार लागतात, १८ वर फक्त ४० टक्के.

किंमत काय? जड चिलखतात पात्राच्या चपळाईचा फायदा मिळत नाही, आणि काही चिलखतांत लपूनछपून जाणं अवघड होतं.

वार सौम्य करणारं चिलखत

दुसऱ्या पद्धतीत वार लागतो, पण इजा कमी होते. समजा चिलखत प्रत्येक वारातून १० वजा करतं. मग १२ चा वार २ वर येतो, पण ६० चा वार ५० राहतो. म्हणजे छोट्या शत्रूंसमोर ते भक्कम, मोठ्यासमोर दुबळं.

टक्केवारीत वेगळीच अडचण येते. संरक्षण ० वरून १० टक्के झालं, तर इजा १०० ऐवजी ९० होते. पण ८० वरून ९० टक्के झालं, तर इजा २० वरून १०, म्हणजे थेट निम्मी! शेवटचे टक्के असे फार ताकदवान ठरतात. म्हणूनच 'स्कायरिम'मध्ये (२०११) चिलखताचं संरक्षण ८० टक्क्यांवर थांबतं.

ओझ्याचा हिशोब

'एल्डन रिंग'मध्ये (२०२२) किंमत वजनात मोजली जाते. अंगावरचं ओझं क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली असेल, तर वार चुकवताना पात्र दूरवर लोळण घेतं. ७० टक्क्यांपर्यंतही हालचाल ठीक असते. त्यापुढे लोळण मंदावते आणि १०० टक्के ओलांडले की घेताच येत नाही. वार सोसायचा की चुकवायचा, हे खेळाडूनेच ठरवायचं.

किती भाग असावेत?

'मोरोविंड'मध्ये (२००२) डाव्या-उजव्या खांद्याचं आणि हाताचं चिलखतही वेगळं होतं. ढाल धरून एकूण ९ भाग. त्याच मालिकेतल्या 'स्कायरिम'मध्ये ५ उरले. भाग जास्त असले की जुळवाजुळवीला वाव मिळतो, पण मेनूमध्ये वेळही जास्त जातो.

पुढच्या वेळी नवं चिलखत मिळालं, तर हिरवा बाण पाहून लगेच घालण्याआधी वजन, चपळाई आणि समोरचा शत्रू बघावा. तिन्ही पाहूनही उत्तर दरवेळी 'मोठा आकडा' हेच येत असेल, तर त्या गेमने निवडीचा फक्त देखावा केला आहे.