अश्वशक्ती आणि उष्णता : एका रूपांतराचा इतिहास

वातानुकूलन यंत्राच्या माहितीपत्रकात ‘बीटीयू’ असतात, विहिरीवरच्या पंपावर ‘एचपी’ आणि स्नानगृहातील गीझरवर वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, आणि तीच ताशी सुमारे २५४५ बीटीयू. हे रूपांतर आज शाळकरी विद्यार्थीही सहज करतो. दोनशे वर्षांपूर्वी मात्र असा प्रश्न विचारण्यालाच अर्थ नव्हता. उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा अदृश्य द्रव आहे, असे बहुसंख्य विद्वान मानीत. द्रवाची तुलना घोड्याच्या श्रमांशी कोण करणार?

अश्वशक्तीचा जन्म बाजारात झाला. गिरणीतले घोडे काढून वाफेचे इंजिन घेणाऱ्या मालकाला, हे यंत्र किती घोड्यांचे काम करील, एवढेच कळायला हवे होते. जेम्स वॅटने १७८० च्या दशकात हिशेब ठरवला : मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. सामान्य घोड्याला दिवसभर हे झेपणारे नव्हते, पण व्यवहाराला माप मिळाले. उष्णतेचे माप वेगळेच होते. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. एका बाजूला उचललेले वजन, दुसऱ्या बाजूला तापलेले पाणी. मधला पूल कोणी बांधला नव्हता.

तो पूल बांधला जेम्स प्रेस्कॉट जूल याने. जन्म १८१८ चा, मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचा. घरचा व्यवसाय मद्यनिर्मितीचा. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. पण गणिताचे धडे त्याला थोडा काळ प्रत्यक्ष जॉन डाल्टनकडून मिळाले होते. शिक्षक कोण लाभतो, याला आयुष्यात केवढे मोल असते! १८४३ साली कॉर्क येथील सभेत त्याने आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा श्रोत्यांनी फारसे लक्ष दिले नाही. जूल थांबला नाही.

त्याचा गाजलेला प्रयोग दिसायला साधा होता. पाण्याने भरलेल्या भांड्यात पितळी पात्यांचे चक्र, त्याला दोरीने जोडलेली दोन वजने. वजने सुमारे सव्वापाच फूट खाली आली की चक्र फिरे, पाणी घुसळले जाई. मग वजने पुन्हा वर. असे वीस वेळा केल्यावर पाणी तापे ते जेमतेम अर्ध्या अंश फॅरनहाइटने! एवढ्याशा वाढीवर विश्वास ठेवायचा, तर तापमापक आणि निरीक्षक दोघेही अत्यंत काटेकोर हवेत. १८४७ साली ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसनला, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनला, या कामाचे महत्त्व जाणवले. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जूलने आकडा दिला : एक बीटीयू म्हणजे ७७२ फूट-पौंड. आज तो सुमारे ७७८ मानतात. वॅटच्या ३३,००० ला ६० ने गुणून ७७८ ने भागले की २५४५ मिळतात. माहितीपत्रकामागचे सारे गणित एवढेच.

तरीही हे समीकरण वापरताना एक सावधगिरी हवी. घुसळण्याचे सारे काम उष्णतेत बदलते. उलट दिशेने मात्र इंजिन उष्णतेचा काही भागच कामात बदलू शकते. या मर्यादेचा पाया सादी कार्नोने १८२४ सालीच घातला होता. दुसरी गल्लत वातानुकूलन यंत्राची. ‘एक टन’ म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे पावणेपाच अश्वशक्ती. पण यंत्र तेवढी वीज खात नाही, साधारण एक किलोवॅटच्या आसपास घेते. कारण ते उष्णता निर्माण करीत नाही, खोलीतून उचलून बाहेर टाकते.

जूल १८८९ साली वारला. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. १८७८ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने तेच मापन पुन्हा केले होते.