बुरशीवरच्या औषधांची घराणी

लोणच्याच्या बरणीत किंवा शिळ्या पावावर आलेली बुरशी आपल्या ओळखीची. तीच रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूत शिरली, की डॉक्टरांनाही घाम फुटतो. बॅक्टेरियाची पेशी आपल्या पेशीहून फार निराळी. बुरशीची मात्र पुष्कळशी आपल्यासारखी. तिच्यावर घातलेला घाव आपल्यालाच लागायचा! म्हणून पेनिसिलीन आल्यावरही बुरशीच्या आतल्या रोगांना खात्रीचे औषध मिळायला वेळ लागला.

१९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या अमेरिकी संशोधिकांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. दोघींमधली नमुन्यांची ने-आण टपालाने चाले. पण हे औषध पोटात घेतले तरी रक्तात उतरत नसे. पुढे व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीने ॲम्फोटेरिसिन बी दिले. ते शिरेतून देता येई. रोगी वाचे, पण मूत्रपिंडांना त्याची किंमत मोजावी लागे.

गाण्यासारखीच या औषधांचीही घराणी आहेत. बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणात अर्गोस्टेरॉल असते, आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिनचे पॉलीन घराणे त्या अर्गोस्टेरॉललाच धरते. ॲझोल घराणे ते तयारच होऊ देत नाही. यातल्या फ्लुकोनॅझोलला अमेरिकेत १९९० साली परवानगी मिळाली. मेंदूपर्यंत पोहोचणारी ही गोळी एड्सच्या रुग्णांना मोठा आधार ठरली. तिसरे एकिनोकँडिन घराणे बुरशीची बाहेरची भिंतच बांधू देत नाही. आपल्या पेशींना अशी भिंत नसल्याने त्रास कमी. त्यातले पहिले औषध, कॅस्पोफंजिन, २००१ साली बाजारात आले. फ्लुसायटोसिन मात्र एकटेच: कर्करोगासाठी घडवले, उपयोगी पडले बुरशीवर.

ही विभागणी केवळ पुस्तकी नव्हे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात कुणाचा डोळा नेला, कुणाचा जबडा, कुणाचा जीव. नातेवाईक ॲम्फोटेरिसिनसाठी दुकानोदुकानी फिरत होते. फ्लुकोनॅझोल तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, मग तेच का नाही? कारण म्युकरच्या जातीच्या बुरशीला ते बाधत नाही. एकिनोकँडिनवरही तिथे भिस्त ठेवता येत नाही. ॲझोलमधली पोसाकोनॅझोलसारखी मोजकीच औषधे चालतात. बुरशी कोणती हे आधी ओळखायचे आणि मग घराणे निवडायचे. त्या उन्हाळ्यात या निवडीवर माणसांचे प्राण अवलंबून होते, आणि पहिली मागणी होती ती १९५०च्या दशकातल्या त्या जुन्या औषधालाच.