भीती आणि चिंताविकार

भीती ही धोक्याची जाणीव होताच शरीराला स्वसंरक्षणासाठी सज्ज करणारी स्वाभाविक भावना आहे. धोका नसताना किंवा टळून गेल्यावरही ही सज्जता दीर्घकाळ टिकून राहिली व दैनंदिन व्यवहारात अडथळा आणू लागली, तर त्या अवस्थेस चिंताविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी व्यक्तींना चिंताविकार होता.

मेंदूतील प्रक्रिया

मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आतील भागात, अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा पेशीसमूह असतो. डोळे, कान यांच्याकडून आलेली माहिती त्याच्यापर्यंत दोन मार्गांनी पोहोचते. एक मार्ग जलद पण ढोबळ असतो. मेंदूच्या बाह्यकातून जाणारा दुसरा मार्ग सावकाश पण तपशीलवार असतो. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे ही मांडणी केली. अंधारात दोरी पाहून माणूस साप समजून आधी दचकतो आणि दोरी नंतर ओळखतो, ते यामुळेच.

अमिग्डालाच्या संदेशानंतर अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. छाती धडधडते, श्वास जलद होतो. हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगाचे स्थळ व काळ स्मरणात ठेवतो, तर कपाळामागील बाह्यक धोका टळल्याचे ओळखून भीतीला आवर घालतो. चिंताविकारात हा आवर अपुरा पडतो.

प्रकार

सार्वत्रिक चिंताविकार, भीतीचे अकस्मात तीव्र झटके येणारा पॅनिक विकार, विशिष्ट भयगंड व सामाजिक चिंताविकार हे प्रमुख प्रकार आहेत. आघातोत्तर ताणविकाराची गणना पूर्वी याच गटात होत असे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याचा स्वतंत्र गट केला.

कोल्हापूरचे महापूर

कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना त्याची मोठी झळ बसली. अशा अनुभवानंतर पावसाचा आवाजही मेंदूसाठी धोक्याचा संकेत ठरू शकतो. यास अभिसंधान म्हणतात.

ही भीती निराधार नसते. दोनच वर्षांत पूर पुन्हा आला होता. इशारा मिळताच जनावरे व कागदपत्रे घेऊन स्थलांतर करण्यास लावणारी भीती जीव वाचवते. परंतु नदी पात्रात असतानाही प्रत्येक सरीसरशी झोप उडणे, घराबाहेर पाऊल न टाकवणे, असे महिनोन्महिने चालू राहिल्यास उपचारांची गरज असते.

उपचार

बोधात्मक वर्तनोपचारात रुग्णाला भीतीच्या संकेतांना सुरक्षित वातावरणात टप्प्याटप्प्याने सामोरे नेले जाते. त्यामुळे जुनी आठवण पुसली जात नाही, तर तिच्या जोडीला सुरक्षिततेची नवी आठवण तयार होते. म्हणून बरे वाटल्यानंतर भीती पुन्हा डोकावली, तरी उपचार निष्फळ ठरले असे होत नाही. आवश्यकतेनुसार मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.