रात्रीच्या सायकलींची तालीम

1891च्या सप्टेंबरात दोनशेहून जास्त सायकलस्वार पॅरिसहून ब्रेस्टच्या दिशेने निघाले. जाऊन-येऊन अंतर सुमारे 1200 किलोमीटर. रस्ते खडी-मातीचे, दिवे तेलाचे, सायकलींना गिअर नाहीत. ‘ल पती जुर्नाल’ या बड्या खपाच्या दैनिकाचा संपादक पिएर जिफार याने ही शर्यत काढली होती. सायकल हे हौशी लोकांचं खेळणं नाही, लांबच्या प्रवासाचं भरवशाचं वाहन आहे, हे त्याला सिद्ध करून दाखवायचं होतं. म्हणून सुटण्याआधी प्रत्येक सायकलीला मोहोर लावली गेली. ज्या सायकलीवर निघालात तिच्यावरच परत यायचं, वाटेत दुसरी घ्यायची नाही.

शर्यत शार्ल तेराँने जिंकली. त्याला 71 तासांहून थोडा जास्त वेळ लागला आणि एवढ्या वेळात तो झोपला नाही. परतीच्या वाटेवर झिएल-लाव्हाल हा त्याचा प्रतिस्पर्धी पुढे होता. गँगाँ या गावी तो विश्रांतीसाठी आडवा झाला. तेराँच्या माणसांना ही खबर लागली आणि तेराँ अंधारात त्याला मागे टाकून गेला. तेराँच्या चाकांवर मिशेलिनचे सुटे करता येणारे टायर होते, त्यामुळे पंक्चर रस्त्याच्या कडेलाच काढता येई. त्या एका विजयाने मिशेलिनचं नाव सगळीकडे गेलं.

पण तेराँच्या मागे व्यवस्थापक होता, पुढे वेग धरून देणारे सायकलस्वार होते, ठाण्याठाण्यावर खाणंपिणं तयार होतं. बाकीच्यांकडे यातलं फारसं काही नव्हतं. निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक परत पोहोचले, तेही काही जण कितीतरी दिवसांनी. दुकानातला कारकून, शाळेतला मास्तर, कारखान्यातला कामगार अशा माणसाला रात्र सायकलीवर काढायची असेल तर त्याने तयारी कशी करायची, या प्रश्नाला 1891 साली कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं. ते उत्तर पुढच्या पन्नासेक वर्षांत हळूहळू तयार झालं, आणि सायकलीच्या इतिहासातली ही गोष्ट शर्यतींच्या विजेत्यांच्या यादीपेक्षा जास्त मोलाची आहे.

पहिला धागा इटलीचा. जून 1897 मध्ये काही इटालियन सायकलस्वार सूर्योदयाला रोमहून निघाले आणि सूर्यास्ताच्या आत 230 किलोमीटरवरच्या नेपल्सला पोहोचले. कुणी पहिला आला, कुणी दुसरा, याला महत्त्व नव्हतं. ठरल्या वेळात सगळ्यांनी पोहोचायचं, एवढंच. या प्रकाराला ‘ऑडॅक्स’ हे नाव पडलं. पुढे ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आँरी देग्राँजने 1904 मध्ये ही कल्पना फ्रान्समध्ये आणली आणि त्याच वर्षी ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ’ हा क्लब उभा राहिला.

ऑडॅक्सची रीत आपल्या वारीतल्या दिंडीसारखी आहे. पुढे एक कप्तान. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. वेग ठरलेला, पुढच्या काळात तो ताशी साडेबावीस किलोमीटरवर स्थिर झाला. जेवायचं कुठे, झोपायचं कुठे, किती वाजता उठायचं, सगळं आधी ठरलेलं. जोरात जाऊ शकणाऱ्याला यात स्वतःला आवरावं लागतं आणि हळू चालवणाऱ्याला आधार मिळतो. रात्री याचा खरा फायदा कळतो. अंधारात एकट्या सायकलस्वाराला आपला वेग कळत नाही. चढ आहे की सपाटी, हेसुद्धा पायांवरूनच ओळखावं लागतं. कप्तानाच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून चालणाऱ्याला हे ठरवावं लागत नाही, त्याचं डोकं तेवढं मोकळं राहतं.

1921 च्या सुमारास देग्राँज आणि क्लब यांचं बिनसलं. तेव्हा क्लबने वेगळी वाट धरली : कप्तान नाही, प्रत्येकाने आपल्या चालीने जावं, फक्त ठरावीक ठाण्यांवर ठरावीक वेळेच्या आत कार्डावर शिक्का घ्यावा. या प्रकाराचं नाव ‘ब्रेव्हे’. 1931 मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या रस्त्यावर तीन प्रकारचे लोक उतरले. व्यावसायिकांची शर्यत होती, ती ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमनने 50 तासांच्या आत जिंकली. शिवाय कप्तानामागून जाणारे ऑडॅक्स होते आणि आपल्या चालीने जाणारे रँडोनरही होते. व्यावसायिकांची शर्यत 1951 नंतर झाली नाही. हौशी माणसांची मात्र आजही होते. दर चार वर्षांनी, 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास.

ब्रेव्हेची खरी करामत तिच्या पायऱ्यांत आहे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. हे आकडे कागदावर रुक्ष वाटतात, पण सायकल हातात घेऊन पाहिलं की त्यामागचा विचार उलगडतो. 200 सकाळी सुरू केली की साधारण उजेडातच संपते, त्यात माणूस आपली बैठक, हँडलची उंची, पोटाला काय मानवतं ते शिकतो. 300 मध्ये रात्रीचा पहिला भाग येतो, दिवे आणि थंडी यांची ओळख होते. 400 मध्ये आख्खी रात्र ओलांडावी लागते आणि पहाटेची ती वेळ भेटते जेव्हा पापण्या मिटायला लागतात. 600 मध्ये दुसरी रात्र समोर उभी राहते. आता झोपायचं की नाही, झोपलो तर किती, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. एकेक पायरी एकेक धडा शिकवते, आणि मागची पायरी चुकवून पुढची शिकता येत नाही.

या सगळ्याला अनुभवाचं शास्त्र दिलं ते सेंत-एतिएनच्या पॉल द व्हिव्ही याने. 1853 चा जन्म, धंदा रेशमाचा, आणि लेखणीचं नाव ‘व्हेलोसिओ’. ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक तो चालवत असे आणि त्यात आपले प्रयोग लिहीत असे. सेंत-एतिएन हे डोंगरातलं औद्योगिक शहर. घराबाहेर पडलं की चढ. त्यामुळे गिअर हवेतच, असा व्हेलोसिओचा आग्रह होता. देग्राँजचं मत उलटं, गिअर म्हणजे कमजोरांची सोय. टूर द फ्रान्समध्ये व्यावसायिकांना गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायला परवानगी 1937 मध्ये मिळाली. व्हेलोसिओ 1930 मध्येच गेला होता. या वादात इतिहासाने निकाल कुणाच्या बाजूने दिला, ते आज रस्त्यावरची कुठलीही सायकल पाहिली की कळतं.

व्हेलोसिओ शिष्यांना घेऊन रात्री-बेरात्री निघायचा आणि चोवीस तास, कधी त्याहून जास्त, सायकल चालवायचा. त्यातून त्याने काही नियम काढले. थांबे कमी आणि आखूड. खाणं थोडं-थोडं पण वारंवार. भूक लागण्याआधी खायचं, तहान लागण्याआधी प्यायचं. थकवा इतका वाढू द्यायचा नाही की भूक आणि झोप दोन्ही जातील. थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा चढवायचा. प्रवासात दारू, मांस, तंबाखू नको. सुरुवातीच्या तासांत जोर आला तरी आवरायचं. आणि निव्वळ दुसऱ्याला दाखवायला म्हणून पॅडल मारायचं नाही.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड आहे. गटात सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये कुणीतरी जोर काढतो, त्याला पाहून दुसरा काढतो आणि मध्यरात्रीनंतर दोघंही रस्त्याच्या कडेला बसलेले सापडतात. शरीरात साठलेली साखर दोनेक तासांच्या जोरकस श्रमांत संपते. नंतर चरबीवर चालायचं असतं आणि त्यासाठी वेग आटोक्यात लागतो, सोबत पोटात थोडं-थोडं अन्न जात राहायला लागतं. व्हेलोसिओला हे प्रयोगशाळेतून नव्हे, डोंगरातल्या रस्त्यांवरून कळलं होतं. जेवणाचा नियमही तिथूनच आला : एकदम पोटभर जेवलं की रक्त पोटाकडे जातं आणि रात्री नेमकी तेव्हाच झोप येते.

ईस्टरच्या सुट्टीत व्हेलोसिओ प्रोव्हाँसकडे जाई आणि ठिकठिकाणचे सायकलस्वार त्याला तिथे भेटत. त्याच्या स्मरणार्थ पॅरिसच्या क्लबने 1947 मध्ये ‘फ्लेश व्हेलोसिओ’ सुरू केली. रात्रभर गटाने सायकल चालवण्याचा इतका नेटका नमुना दुसरा क्वचित सापडेल. तीन ते पाच सायकलींचा संघ. चोवीस तास. किमान 360 किलोमीटर. वाट संघाने स्वतः आखायची, शेवट प्रोव्हाँसमध्ये. कुठल्याही एका ठिकाणी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, म्हणजे हॉटेलात रात्रभर झोपून सकाळी उरलेलं अंतर काढणं बंद. शेवटच्या दोन तासांत निदान 25 किलोमीटर चालवलेच पाहिजेत, म्हणजे लवकर पोहोचून बसून राहणंही बंद. आणि किमान तीन सायकली एकत्र पोहोचल्या तरच संघ पूर्ण.

या नियमांनी तयारीचं स्वरूप पालटलं. पाच जणांपैकी तीन जणांनी पोहोचायचं, म्हणजे संघाचा वेग सगळ्यात वेगवान माणसाचा धरता येत नाही. मध्यरात्रीनंतर उघडं कॅफे कुठल्या गावात आहे, तिथे किती मिनिटं थांबायचं, पंप कुणाकडे, जास्तीची ट्यूब कुणाकडे, नकाशा कोण वाचणार, हे निघण्याआधी ठरवावं लागतं. पहाटे तीन वाजता कोण गप्प होतो आणि कोण बोलतं करतो, हेही माहीत असावं लागतं. हे कळायला महिनोन्‌महिने एकत्र सायकल चालवावी लागते. कागदावर बनवलेला संघ रात्री टिकत नाही.

याच काळात पॅरिसमध्ये अलेक्स सिंगर आणि रने एर्स या कारागिरांनी रात्रीसाठी सायकली घडवल्या. चिखल अंगावर उडू नये म्हणून ॲल्युमिनियमचे मडगार्ड, पुढच्या बाजूला पिशवी, कारण चालवता चालवता तिच्यातून खाणं आणि नकाशा काढता येतो, आणि टायरच्या कडेला घासून फिरणारा छोटा डायनॅमो. हा डायनॅमो महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. संध्याकाळी दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस अडवत, म्हणून घरोघरच्या सायकलींना तो असे. चाक थांबलं की दिवा विझतो, ही त्यातली उणीव. आज चाकाच्या तुंब्यात बसणारे डायनॅमो आणि एलईडी दिवे यांनी ती भरून काढली आहे. थांबल्यावरही काही मिनिटं उजेड राहतो.

महाराष्ट्रात ब्रेव्हेला सायकलस्वार ‘बीआरएम’ म्हणतात. वेळेच्या मर्यादा त्याच, पॅरिसच्या क्लबने घालून दिलेल्या, आणि एका हंगामात 200, 300, 400, 600 पूर्ण करणारा ‘एसआर’ म्हणजे ‘सुपर रँडोनर’ होतो. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत ही मंडळी आता सहज भेटतात. ठाण्यावर शिक्का मारायला माणूस नसेल तर पेट्रोल पंपाची पावती किंवा एटीएमची चिठ्ठी पुरावा म्हणून चालते, आणि रात्री दोन वाजता एटीएमसमोर हेल्मेट घातलेली चार माणसं पाहून सुरक्षारक्षक दचकतात. परावर्तक जाकीट, पुढे पांढरा, मागे लाल दिवा सक्तीचा. इथल्या रस्त्याची संकटं मात्र फ्रान्सच्या पुस्तकात नाहीत. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. महामार्गावर समोरून उलट्या दिशेने दुचाकी येते. घाटात उतरताना ट्रकच्या प्रखर दिव्याने डोळ्यांसमोर क्षणभर काहीच दिसत नाही. म्हणून जाणते लोक उतारावर दोन सायकलींत अंतर ठेवतात आणि खड्डा दिसला की पुढचा मोठ्याने ओरडून सांगतो, मागचा त्याच्या मागच्याला सांगतो. रात्री हाताची खूण दिसत नाही, आवाजच चालतो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हा लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे मराठी वाचकांचं लक्ष गेलं. ती वेगळी तपश्चर्या, मागे गाडी, साथीदारांचा ताफा. ब्रेव्हेत मागे गाडी चालत नाही. जे लागेल ते स्वतःच्या सायकलीवर, किंवा वाटेतल्या टपरीवर. या दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ लावण्याचं कारण नाही, पण पहिल्यांदा रात्र काढू पाहणाऱ्या गटाने ब्रेव्हेची वाट धरावी. ती स्वस्त आहे आणि स्वतःचं ओझं स्वतः उचलायला लावते.

गट नेणाऱ्या क्लबांसाठी इतिहासातून एवढंच निघतं की आधी 300 ची घाई करू नये. शनिवारी रात्री निघून पहाटेपर्यंत साठ-सत्तर किलोमीटरची एक फेरी काढावी, ओळखीच्या रस्त्यावर, ठरल्या वेगाने, पुढे एक आणि मागे एक अनुभवी माणूस ठेवून. दर तासाला थोडं खायचं, गजर लावून. पहाटेचे तीन ते पाच हे तास मुद्दाम रस्त्यावर काढायचे, कारण झापड तेव्हाच येते आणि तिची ओळख घरी बसून होत नाही. झापड आली की सायकल बाजूला लावून दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. गटातल्या कुणाचंही हँडल डुलताना दिसलं तर सगळ्यांनी थांबायचं, हे निघण्याआधी ठरवून घ्यावं. त्या वेळी चर्चा करायला कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

2023 मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला सहा हजारांहून जास्त सायकलस्वार राँबुयेहून निघाले, त्यांत भारतातलेही बरेच होते. ब्रिटनीतल्या खेड्यांत रात्री लोक अंगणात टेबलं मांडून कॉफी आणि धिरडी देतात, पैसे घेत नाहीत. पुढची वारी 2027 च्या ऑगस्टमध्ये आहे, आणि तिच्या प्रवेशासाठी त्याच हंगामात 200, 300, 400 आणि 600 च्या चारही पायऱ्या पूर्ण कराव्या लागतात. ज्यांना जायचं आहे त्यांनी पहिली रात्रीची फेरी याच हिवाळ्यात काढावी.