अंगुलिमुद्रा ते मुखमुद्रा : पोलिसी अधिकाराचा एक प्रश्न

ओळख पटविण्याच्या नव्या साधनाचा पुरस्कार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने करावा, ही घटना अपूर्व नाही. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. १९०१ मध्ये त्यांनीच ही पद्धती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात रुजविली. तिच्या वर्गीकरणात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या हाताखालील अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र हेन्रींचे राहिले.

तथापि गुन्हेगाराचा ठसा त्या संग्रहात जाण्यापूर्वी तो मनुष्य पोलिसांच्या हाती यावा लागे. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेने हे बंधन दूर केले. आता रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तपासणीच्या कक्षेत आला. जून २०१७ मध्ये कार्डिफ येथील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या वेळी साउथ वेल्स पोलिसांनी ती वापरली, तेव्हा तिने दिलेल्या २,४७० इशाऱ्यांपैकी २,२९७ चुकीचे ठरले.

परंतु ११ ऑगस्ट २०२० रोजी तेथील अपील न्यायालयाने दाखविलेला दोष केवळ अचूकतेचा नव्हता. यादीत कोणाचे छायाचित्र घालावे आणि कॅमेरा कोठे लावावा, हे ठरविणे बव्हंशी पोलिसांच्या मर्जीवर सोडलेले होते. न्यायालयाने यंत्रणेवर सर्वस्वी बंदी घातली नाही. या मर्जीला नियमांची चौकट हवी, असे म्हटले. यंत्र अचूक झाल्याने हा प्रश्न मिटत नाही. उलट ते जितके अचूक, तितका यादी करणाऱ्याचा अधिकार मोठा होतो.