सुखतळ्यातला तराजू

चालता-चालता तळव्यावरचा दाब मोजणारी साधने आजची वाटतात, पण त्यांचे घराणे दीडशे वर्षांचे आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-जूल मारे यांच्या 1873 सालच्या ग्रंथात धावत्या माणसाचे एक चित्र आहे. त्याच्या बुटाच्या तळात हवेची पोकळी आहे आणि तिथून निघालेली रबरी नळी हातातल्या नोंदयंत्रापर्यंत जाते. पाऊल टेकले की हवा दबे, नळीच्या दुसऱ्या टोकाला लेखणी हाले आणि कागदावर रेघ उमटे. हा तराजू जन्मलाच बुटात. पुढे मात्र जवळजवळ नव्वद वर्षे बहुतेक संशोधक बुटाबाहेरच रमले. बीली यांनी 1882 मध्ये ओल्या प्लास्टरच्या पिशवीवर पाऊल टेकवून ठसे घेतले. 1934 मध्ये एल्फ्टमन यांनी काचेवर उंचवट्यांची रबरी चटई पसरली आणि अनवाणी चालणाऱ्याचे पाऊल खालून चित्रित केले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडात हॅरिस आणि बीथ यांनी साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांच्या पायांचे शाईचे ठसे जमवले. जिथे दाब जास्त, तिथे शाई गडद. हे सारे पाय अनवाणी होते, आणि या सर्वांत मोठ्या संग्रहातले पाय लष्कराच्या गरजेने निवडलेले होते.

मोजणी पुन्हा पादत्राणात आणली ती वेदनेच्या अभावाने. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना पॉल ब्रँड यांनी ओळखले की तळव्याच्या जखमा चिघळतात त्या मांस सडल्यामुळे नव्हे. पाय बधिर असल्याने माणूस एकाच जागी पुन्हा-पुन्हा भार टाकत राहतो, आणि जखम त्यातून होते. मग बूट घालून चालताना भार कुठे पडतो, ते अनवाणी ठसा कसे सांगणार? 1963 मध्ये बाउमन आणि ब्रँड यांनी पाय आणि बूट यांच्यामधला दाब मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भारतात असंख्य बधिर पायांना सांभाळणाऱ्या मऊ रबराच्या एमसीआर चपलेमागे हाच विचार आहे. पुढे सुखतळ्यात दाब टिपणाऱ्या संवेदकांची संख्या वाढत गेली. 1982 मधल्या एका सुखतळ्यात 499 होते. आज अनेक सुखतळ्यांत दोन वाहक थरांमध्ये लवचीक पदार्थ असतो. तो दबला की विद्युतधारिता वाढते आणि कमरेच्या पेटीत आकडा उमटतो.

बुटातला दाब असा मोजता येऊ लागला, की त्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो. स्त्री-पुरुषांच्या पायांतला फरक या सुखतळ्याने शोधायचा, तर तो दोन गर्दींच्या सरासरीत शोधू नये, असे मला वाटते. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. हुबेहूब एकाच घडणीचे दोन देह घ्या, एक दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी मोठा. त्याचे वजन 33 टक्के जास्त भरेल, तळव्याचे क्षेत्रफळ मात्र 21 टक्केच, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी वाढेल. पुरुषांचा आकडा जास्त आला, तर तो लिंगभेदच असेल असे नाही. नुसता आकारही असू शकतो.

यावर कोणी म्हणेल, मग भेद नाहीच. वजनाने भागले की प्रश्न मिटला. तो मिटत नाही. वुंडरलिख आणि कॅव्हना यांनी 2001 मध्ये 784 जणांची पावले तपासली. स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नव्हे, असे त्यांना आढळले. लांबी सारखी धरली तरी कमान, बाहेरची कड, अंगठा आणि चवडा यांची घडण वेगळी निघते. तरीही पुरुषी कलबूत लहान करून त्यावर स्त्रियांचे बूट बेतले गेले आहेत. शिवाय टाच उंचावली की भार चवड्यावर सरकतो. या दोन गोष्टी प्रयोगशाळेत अनवाणी चालायच्या दाब-पट्टीवर कधीच दिसणार नाहीत, कारण तिथे जोडाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सुखतळा बुटात वाकतो, तापतो, त्याचे आकडे सरकतात. प्रयोगशाळेतली पट्टी जास्त नेमकी. हे खरे आहे. म्हणूनच एका स्त्रीचा आकडा एखाद्या पुरुषाच्या आकड्याशी भिडवण्यापेक्षा तीच स्त्री, तोच सुखतळा आणि दोन जोडे, एक पुरुषी कलबुतावरचा आणि एक स्त्री-कलबुतावरचा, असा प्रयोग मला जास्त विश्वासाचा वाटतो. पाय तोच, वजन तेच; मापकाची चूक दोन्हीकडे बरीचशी सारखी. उरलेला फरक मुख्यतः जोड्याचा. पुरुषांवर हाच प्रयोग केला, तर पुरुषी कलबुतावरून स्त्री-कलबुतावर जाताना कोणाच्या चवड्यावरचा भार किती सरकतो, ते शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल.