मेख, माती आणि मोजणी

२० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या मोजणीच्या छावणीचा तेथे मुक्काम होता. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून त्यांनी आरंभलेले काम पुढे भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखले गेले. ही वीस वर्षे त्यांनी मुख्यतः तंबूत काढली. त्यांच्या सुमारे अर्धा टन वजनाच्या थिओडोलाइटाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या तंबूंना जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या मेखांकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही. आपण तिकडे पाहू.

तंबू ठोकणाऱ्या माणसाला त्या काळी खलाशी म्हणत. शब्द जहाजावरचा. दोर, गाठी आणि वारा यांची जाण दोन्हीकडे लागते. मोजणीत साखळी ओढणारे आणि निशाणाची काठी धरणारे लोकही बहुधा याच वर्गातून घेतले जात, म्हणून त्यांनाही खलाशी हेच नाव पडले. भूगोलाच्या इतिहासात यांची नावे येत नाहीत, ही आम्हांला मोठी उणीव वाटते. ताण दिलेला दोर सुटला तर काय होते ते लॅम्बटन यांनी १८०८ साली तंजावरला अनुभवले. थिओडोलाइट मंदिराच्या गोपुरावर चढवताना त्याला भिंतीपासून दूर धरणारा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे वाकलेले वर्तुळ सरळ करण्यासाठी ते सुमारे सहा आठवडे तंबूत कोंडून घेऊन बसले होते.

तंबूची विद्या अर्थात इंग्रजांनी आणलेली नाही. अकबराच्या छावणीसाठी एक हजार फर्राश असत, असे ‘आईन-इ-अकबरी’त नोंदले आहे. तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारे ते फर्राश. पुण्यातल्या फरासखान्याचे नाव त्यांच्यावरूनच आले. मेख हा शब्दही फारसीतला. ‘खरी मेख इथेच आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तोच वापरतो.

आता जमिनीकडे वळू. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे एखाद्या शाळेने शिबिर घ्यायचे ठरवले, तर तिच्यापुढे तोच प्रश्न येईल जो हिंगणघाटच्या खलाशांपुढे होता. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. सखल जागी त्यावर खोल काळी माती, तर उंचवट्यावर वीतभर मातीखाली मुरूम. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शिरले की फुगते, वाळले की आक्रसते. त्यामुळे एकाच शेतात मेखेचा अनुभव ऋतूप्रमाणे बदलतो. जानेवारीत वरचा थर वाळत असतो, पण खाली ओल असते. तेव्हा हातभर लांब, रुंद बुंध्याची लाकडी मेख उत्तम धरते, कारण तिच्यापुढचा मातीचा मोठा भाग हलल्याशिवाय ती हलत नाही. मे महिन्यात जमीन भेगाळते. भेगेत किंवा तिच्या अगदी काठावर ठोकलेली मेख नुसती ढेकूळ धरून असते. वारा सुटला की ढेकळासकट बाहेर येते. पावसाळ्यात चिबड जमिनीत तर आखूड, गुळगुळीत लोखंडी मेख सुरीसारखी निघून येते.

मुरुमात उलट. तिथे लाकूड फुटते. पहारीने भोक पाडून लोखंडी मेख ठोकावी लागते. नदीच्या वाळूत कोणतीच मेख उभी धरत नाही. तिथे वाळूने भरलेली गोणी किंवा ओंडका दोराला आडवा बांधून पुरतात. वाळवंटातही हाच उपाय चालतो.

लाकडात बाभळीला पसंती असे. ती कठीण, चिवट, आणि विदर्भात बांधाबांधावर मिळणारी. बैलाचा खुंटा करणाऱ्या सुताराला मेखेसाठी वेगळे काही शिकावे लागत नसे.

खरा धोका मात्र अवकाळी पावसात असतो. तागाचे किंवा सुताचे दोर भिजले की त्यांचे धागे फुगतात आणि दोर आखूड होतो. म्हणजे ज्या घटकेला माती मऊ पडते, त्याच घटकेला मेखेवरचा ओढा वाढतो. म्हणून जुने जाणते लोक पाऊस येण्याआधीच दोर थोडे सैल करीत. नायलॉनचा दोर भिजून असा आखडत नाही, उलट किंचित सैलावतो. त्यामुळे आजच्या शिबिरात पावसानंतर दोर पुन्हा ताणावे लागतात.

शाळेच्या मैदानावर हे तपासता येते. एकाच लांबीच्या चार-पाच लाकडी खुंट्या घ्या. काही सरळ ठोका, काही डोके तंबूच्या विरुद्ध दिशेला कलवून. प्रत्येकीला दोर बांधून तानकाट्याने तिरपे ओढा आणि खुंटी हलली त्या क्षणीचा आकडा लिहा. मग दोर जमिनीलगत न बांधता बोटभर, वीतभर वर बांधून पुन्हा ओढा. मैदानाच्या एका कोपऱ्यात आदल्या रात्री दोन-चार बादल्या पाणी ओतून ठेवले, तर ओल्या आणि कोरड्या मातीचे आकडे शेजारी-शेजारी मांडता येतील. ओढताना मुलांना दोराच्या रेषेत उभे राहू देऊ नका. खुंटी सुटते ती जोरात.